आडसाली उसातून जाणारा सिग्नल

रेडिओ मोडेम (बिनतारी माहिती पाठवणारं यंत्र) बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती किलोमीटर जातंय?" खोक्यावर पाच लिहिलेलं असतं, कुठे दहा. मी उलट विचारते, मधे ऊस कुठला आहे आणि लागण कधीची? समोरचा आधी हसतो, मग सांगतो. आमच्या पलूस तालुक्यात कृष्णाकाठाला जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण होते आणि तो ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटाला तो माणसाच्या दुप्पट उंच झालेला असतो, पात्यांवर पाणी, बुडख्यात चिखल. खोक्यावरच्या किलोमीटरांत हा ऊस धरलेला नसतो. ते आकडे मोकळ्या माळावरचे.

मी सांगलीच्या वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकले, लग्नानंतर इकडे आले आणि आता शेतीच्या मोटारींचं कंट्रोलचं काम करते. या वेळी लिहितेय ते गावातल्या उपसा सिंचन सोसायटीच्या जोडणीबद्दल. जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर, नदीकाठी, साठवण टाकी वर माळावर, दोन्हींमध्ये सरळ रेषेत साधारण ४ किलोमीटर. टाकीत पाणी किती आहे हे खाली कळलं पाहिजे. नाहीतर टाकी ओसंडून वाहते, किंवा पाटकरी पाळीवर उभा आणि टाकी कोरडी. आधी मोबाईलवर चालणारं यंत्र होतं. त्याचं रिचार्ज संपायचं, मेसेज कधी लगेच यायचा, कधी तासाने. आणि महापुरात आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते. २०१९ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात फोन कुणाचा लागत होता ते विचारू नका. म्हणून सोसायटीला स्वतःचा रेडिओ हवा होता.

आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरायला परवाना लागत नाही. ट्रान्समीटरची ताकद १ वॉटपर्यंत चालते. आमची लोरा (कमी ताकदीत लांब पोचणारी रेडिओ पद्धत) मोडेम त्याच्या एक दशांश ताकदीवर, म्हणजे १०० मिलिवॉटवर चालतात. डीबीएममध्ये, म्हणजे १ मिलिवॉटशी तुलना करणाऱ्या मापात, २०. डीबीत दर १० म्हणजे दहापट फरक, आणि उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर.

टेबलावर दोन मोडेम शेजारी ठेवून "चालतंय" म्हणणं ही टेस्ट नव्हे. एवढ्या जवळून पूर्ण ताकदीने पाठवलं तर समोरच्या रिसीव्हरचे कान बसतात आणि चांगलं मोडेमही चुका करतं. मी दोन्हीकडे अँटेनाच्या जागी सिग्नल ३० डीबीने कमी करणारे अ‍ॅटेन्युएटर लावते आणि एक मोडेम झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. तरी वायरीच्या भोकातून थोडं गळतंच. टेबलावर मला एवढंच बघायचं असतं की दोन्ही मोडेम सारखी आहेत का. मग त्यांची अदलाबदल करून परत तेच. यात एखादं चार-पाच डीबीने लंगडं निघालं तर ते रानात जात नाही. आणि अँटेना किंवा अ‍ॅटेन्युएटर लावल्याशिवाय पॉवर द्यायची नाही. पाठवलेली ताकद बाहेर पडायला वाट नसेल तर ती मागे फिरते आणि आउटपुटचा भाग जाळू शकते.

एसएमए आणि आरपी-एसएमए हा असाच एक वैताग. दोन्ही कनेक्टरचे आटे सारखे, एकमेकांत छान फिरतात. फक्त मधली पिन एकाला असते, दुसऱ्याला नसते. चुकीची जोडी जमली की अँटेना घट्ट बसलेली दिसते आणि आत काहीच टेकलेलं नसतं. जवळच्या जवळ तेही चालतं, म्हणून दुकानात कळत नाही. बाजारातून आलेली प्रत्येक अँटेना मी डोळ्यांसमोर धरून पिन बघते.

आता रानातलं. आधी कागदावर हिशोब करायचा. मोकळ्या हवेत ४ किलोमीटरला ८६६ मेगाहर्ट्झचा सिग्नल १०३ डीबी गमावतो. २० डीबीएम सोडले, दोन्ही अँटेनांचे दोन-दोन मिळवले, तर पलीकडे उणे ७९ यायला हवेत. ऊस तोडलेला असताना आम्हाला उणे १०४ मिळत होते. मधले २५ डीबी कुठे गेले? बांधावरची झाडं, नदीची दरड, एक वस्ती आणि दोन्हीकडची कमी उंची. माझ्या दृष्टीने हा फरक हीच खरी माहिती. नुसतं "उणे १०४ चांगलं की वाईट" याला काही अर्थ नाही. कागदापेक्षा किती खाली आहे ते बघितलं की मधे काय उभं आहे याचा अंदाज येतो.

पंपावरचे आप्पा तर म्हणाले होते, "ताई, टाकी हितनं दिसती की! दिसतंय म्हंजे रेंज येणारच." टाकी दिसते हे खरं. पण रेडिओला नजरेच्या रेषेपेक्षा जास्त जागा लागते. रेषेभोवती पोटाशी फुगलेला एक पट्टा मोकळा लागतो, फ्रेनेल झोन म्हणतात त्याला. ४ किलोमीटरच्या मधोमध त्याची त्रिज्या साधारण साडेअठरा मीटर येते आणि त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे ११ मीटर भाग मोकळा असावा असं धरतात. ज्याच्या नावाने हा पट्टा ओळखतात तो ऑगस्टँ फ्रेनेल फ्रान्समध्ये रस्ते आणि पूल बांधणारा इंजिनिअर होता. त्याने अभ्यास केला उजेडाचा. तो १८२७ला वारला, तेव्हा रेडिओचा पत्ताही नव्हता. पण लाट उजेडाची असो की मोडेमची, आडोशाला वळते त्याच नियमाने. आमच्या जोडणीत त्या ११ मीटरांत आडसाली उसाचे शेंडे होते आणि कडेची नारळाची झाडंही.

उसात काय होतं ते टाकीच्या रोजच्या नोंदीतून दिसलं. तोडीनंतर उणे १०४ होते, तिथून ऊस वाढत गेला तसा आकडा हळूहळू उतरत सप्टेंबर-ऑक्टोबरला उणे ११२ पर्यंत आला. लोक पावसाला दोष देतात. पाऊस या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ काहीच करत नाही, त्याचा त्रास १० गिगाहर्ट्झच्या वरच्या मंडळींना, म्हणजे डिश टीव्हीसारख्यांना. आमचा सिग्नल खातात ती ओली पाती. पाऊस थांबून ऊन पडलं की दुपारपर्यंत दोन-तीन डीबी परत येतात.

उणे ११२ ऐकून सोसायटीच्या सेक्रेटरींचा चेहरा पडला. पण तोही आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच्याखाली गोंगाट किती आहे ते बघावं लागतं. लोराच्या १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये साध्या उष्णतेमुळे येणारा गोंगाट उणे १२३, त्यात रिसीव्हरचे स्वतःचे सहाएक डीबी धरले की उणे ११७. म्हणजे उणे ११२चा सिग्नल गोंगाटाच्या पाच डीबी वर होता. लोराची खुबी अशी की सिग्नल गोंगाटाच्या खाली गेला तरी तो उलगडता येतो. एसएफ म्हणजे संदेश किती पसरून, किती सावकाश पाठवायचा त्याचा आकडा. एसएफ७ ला उणे ७.५ डीबीपर्यंत, आम्ही वापरतो त्या एसएफ९ ला उणे १२.५ पर्यंत, एसएफ१२ ला उणे २० पर्यंत. हिशोबाने आमच्याकडे भर उसातही १७ डीबी शिल्लक होते. पुष्कळ झाले.

तरीही पॅकेटं, म्हणजे पाठवलेले एकेक संदेश, हरवत होती.

हे कळलं कारण आम्ही पॅकेटं मोजत होतो. टाकीचं मोडेम दर ३० सेकंदांनी पाण्याची पातळी पाठवतं आणि प्रत्येक पॅकेटवर चढता नंबर टाकतं. जॅकवेलचं मोडेम आलेला नंबर, वेळ, आरएसएसआय (आलेल्या ताकदीचा आकडा) आणि एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर ते) मेमरी कार्डावर लिहून ठेवतं. मधला नंबर गळाला की पॅकेट गेलं. यापेक्षा साधी टेस्ट नाही, आणि ती न करता नुसता मीटर घेऊन बांधावर फिरणारे बरेच बघितलेत. दिवसाला २,८८० पॅकेटं. त्यातली १ टक्का गेली, म्हणजे साधारण २९. पण ही २९ कशी गेली? दिवसभरात इथे एक तिथे एक गळाली असतील तर पंपाला पत्ताही लागत नाही, पुढचं पॅकेट अर्ध्या मिनिटात येतंच. तीच २९ एका दमात गेली तर पंप चौदा मिनिटं आंधळा चालतो, आणि तेवढ्यात आमची टाकी ओसंडते. टक्का दोन्हीकडे तोच. म्हणून अहवालात "९९ टक्के यश" लिहून देणाऱ्याला मी पहिली गोष्ट विचारते, सलग सगळ्यात मोठा खड्डा किती मिनिटांचा?

आमच्याकडे खड्डे सलग होते आणि फक्त रात्रीचे. त्यातही एक आठवडा रात्री अगदी स्वच्छ, पुढचा आठवडा वाईट. आप्पांनी तारखा बघितल्या आणि म्हणाले, "ही तर रातपाळीची लाईट." शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रातपाळी, त्या आठवड्यात खड्डे.

यात सगळ्यात फसवं होतं ते आरएसएसआय. खड्ड्यांच्या आसपास जी थोडी पॅकेटं पोचली, त्यांचा आरएसएसआय उणे १०० दिसत होता. दिवसा उणे १११, आणि पॅकेटं हरवत असताना रात्री उणे १००! नुसता हाच आकडा बघणाऱ्याला वाटेल रात्री सिग्नल सुधारला. खरं कारण असं की आरएसएसआय म्हणजे अँटेनात शिरलेली सगळी ताकद, तुमचा सिग्नल आणि गोंगाट मिळून. सिग्नल गोंगाटाखाली गेला की तो आकडा गोंगाटाचाच असतो. सेमटेकच्या एसएक्स १२७६ या लोरा चिपच्या डेटाशीटमध्ये हे स्पष्ट आहे: एसएनआर शून्याखाली असेल तर तोही आकड्यात मिळवा, तेव्हा पॅकेटची खरी ताकद कळते. रात्रीच्या पॅकेटांचा एसएनआर उणे १२ होता. उणे १०० आणि उणे १२ मिळून उणे ११२. म्हणजे टाकीकडून येणारा सिग्नल तसूभर बदललेला नव्हता. जॅकवेलपाशी गोंगाट १७ डीबीने चढला होता आणि आमची सगळी शिल्लक त्याने खाल्ली होती.

उलट दिशा मात्र ठणठणीत. जॅकवेलने पाठवलेलं टाकीला सगळं पोचत होतं. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभं राहून फोन केला तर घरच्यांना तुमचं ओरडणं कळतं, तुम्हाला त्यांचं काही ऐकू येत नाही, तसं. म्हणून दोन्ही टोकांना वेगळी मोजणी ठेवावी लागते. एका बाजूने टेस्ट करून दोन्ही बाजूंची खात्री देणं मला पटत नाही.

गोंगाट शोधायला वेगळं यंत्र लागत नाही. कुणी काही पाठवत नसताना तेच मोडेम आरएसएसआय वाचू शकतं. ते दर मिनिटाला लिहायला लावलं. रातपाळीला वीज आली त्याच मिनिटाला आकडा उणे ११७ वरून उणे १००. मग एका रात्री मी लॅपटॉप घेऊन जॅकवेलच्या खोलीत बसले आणि आप्पा एकेक बटण बंद करत गेले.

"स्टार्टर बंद केला, ताई."

"काही फरक नाही. पुढचं?"

"पंखा."

"नाही."

"बाहेरची लाईट घालवू? मग जिन्याला अंधार हुईल."

"घालवा, आप्पा. बॅटरी आहे माझ्याकडे."

आकडा धाडकन उणे ११७ वर. खोलीबाहेर जिन्यावर उजेड पडावा म्हणून एक स्वस्त एलईडी फ्लडलाईट लावलेला होता, मोटारीच्या पॅनेलवरूनच कनेक्शन, आणि आमची अँटेना त्याच्यापासून हातभर अंतरावर. दिव्यातला ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो, फिल्टर नीट नसेल तर त्याचा कचरा फार वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पसरतो. आमचा संशय आधी मोठ्या मोटारीवर आणि स्टार्टरवर होता. मोटार बिचारी निर्दोष निघाली. त्यानंतर टाकीवरचा सोलर चार्जरही असाच तपासला, तिथे तीन डीबीच चढत होते, सोडून दिलं.

आता गंमत बघा. हा दिवा ऊस तोडलेला असतानाही तिथेच होता, तसाच ओरडत होता. तेव्हा सिग्नल उणे १०४ होता, गोंगाट उणे १००, एसएनआर उणे ४, एसएफ९ ला आरामात चालतं. एकट्या दिव्याने काही बिघडलं नाही. दिवसा पूर्ण उसातही बिघडलं नाही. दोन्ही एकत्र आले तेव्हाच जोडणी कड्यावर गेली. मार्चमध्ये एक दिवस टेस्ट करून पावती फाडली असती तर सगळं पास झालं असतं.

एक मित्र म्हणाला, एसएफ१२ लावून टाक, विषय संपव. साडेसात डीबी मिळाले असते हे खरं. पण २० बाइटचं जे पॅकेट एसएफ९ वर १८५ मिलिसेकंदांत जातं, त्याला एसएफ१२ वर १.३ सेकंद लागतात. तेवढा वेळ चॅनेल अडून राहतो, टाकीवरची बॅटरी जास्त खर्च होते, आणि गोंगाट आपल्या जागी राहतोच, फक्त दिसेनासा होतो. दिवा दुसऱ्या बाजूला हलवला, अँटेना छपरावरून बाजूच्या खांबावर नेली. अँटेनाजवळच्या गोंगाटाला अंतर वाढवणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

खांबावर नेताना केबलचा प्रश्न आला. साधी आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अर्धा डीबी खाते. १५ मीटर केबल म्हणजे सात-साडेसात डीबी, उसाने खाल्ले तेवढेच. जाड एलएमआर-४०० मीटरमागे ०.१३ डीबी खाते, पण ती महाग आणि वळायला हट्टी. आम्ही मोडेमच वर खांबावर पेटीत नेलं आणि खाली आरएस-४८५ ची दोन तारांची लाईन आणली. ती शेकडो मीटर गेली तरी कुरकुरत नाही. पेटीची उंची मात्र २०१९च्या पुराची खूण बघून ठरवली, खोलीच्या भिंतीवर ती अजून आहे. वरचा कनेक्टर रबर टेपने बंद केला. पाणी शिरलेला कनेक्टर हा पावसाळ्यातला छुपा चोर, दोन पावसाळ्यांत आतून हिरवा होतो.

शेवटची टेस्ट मला सगळ्यात आवडते. जोडणी चालू असताना पाठवणाऱ्याची ताकद मुद्दाम कमी करत जायची. २० डीबीएमवरून १७, १४, ११, प्रत्येक पायरीवर काही तास थांबायचं, नंबर मोजायचे. जिथे पॅकेटं गळायला लागतात तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची खरी शिल्लक, कागदावरची नव्हे. ही टेस्ट दोन्ही दिशांनी, रातपाळीच्या आठवड्यात, सगळे दिवे चालू ठेवून. आमच्या मोडेमला २ डीबीएमपर्यंत उतरता येतं, त्यामुळे १८ डीबीपर्यंत मोजता येतं. सगळं हलवल्यावर उभ्या उसातही २ डीबीएमवर तुरळक एखादंच पॅकेट गळालं. १५ डीबीपेक्षा कमी शिल्लक असेल तर मी जोडणी ताब्यात देत नाही, माणसाने कितीही घाई केली तरी.

आणि एवढं करूनही पॅकेट हरवणार, हे धरूनच पंपाचा प्रोग्रॅम लिहिलाय. टाकीकडून पाच मिनिटं काहीच आलं नाही तर मोटार आपोआप बंद होते आणि खोलीवरची लाल लाईट लागते. सेक्रेटरींना हे पटत नव्हतं, त्यांचं म्हणणं, रेडिओ बंद पडला तर पाणी चालूच राहू दे. शेवटी पाटकऱ्यांनी माझी बाजू घेतली. टाकी फुटून वाहिली की शिव्या त्यांनाच बसतात.

सोसायटीला आता माळाच्या पलीकडच्या दुसऱ्या टाकीलाही मोडेम हवंय, त्याच चॅनेलवर. दोघांनी एका वेळी तोंड उघडलं तर दोघांचंही वाया जाण्याची भीती. १९७१ला हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसनच्या अलोहानेटने हाच पेच सोडवायला घेतला होता. वाटेल तेव्हा पाठवा आणि पोच आली नाही तर थोडं थांबून परत पाठवा, ही त्यांची पद्धत. त्यात चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. दोन टाक्यांना तो भरपूर झाला, तरी मी जॅकवेलला विचारणारा ठेवणार आहे: तो एकेकीला नाव घेऊन विचारेल, तेव्हाच ती उत्तर देईल. दुसऱ्या टाकीच्या वाटेतला ऊस गेल्या ऑगस्टच्या लागणीचा आहे, तोड यंदाच्या डिसेंबरात. सेक्रेटरी म्हणतात ऊस निघाल्यावर निवांत बसवू. मी ऑक्टोबरची तारीख दिलीय, रातपाळीच्या आठवड्यातली.